अष्टमीला धाडलेल्या करंज्या

“यंदा करंज्या जरा मऊ करा हां बाई. बाबांना आता दात नायत,” असं ऋतुजा म्हणाली आणि तिची बस लागली म्हणून पिशव्या सावरत पळाली. मी रामवाडीच्या डेपोत बाकावर तशीच बसून राहिले. मला खरं तर बाजारात जायचं होतं, खसखस संपली होती. ऋतुजा ही हैबतरावांची सून. रोह्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथं त्यांचं घर. तिचं माहेर इकडे पेणला, म्हणून वर्षातून एखाद्या वेळी अशी डेपोत भेटते, वाकून नमस्कार करते आणि शेजारी बसलेल्या बाईला सांगते, या शाळेतल्या बाई, ख्रिश्चन आहेत, आमच्या बाबांना दर नाताळाला करंज्या पाठवतात, सख्ख्या बहिणीनं पाठवाव्या तशा. या वेळीही सांगितलं. शेजारची बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी हसले. तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले आहेत. पोटात काहीही चालू असलं तरी चेहरा कसा ठेवायचा ते मला कुणी शिकवायला नको. पण ते ‘दात नायत’ काही केल्या मनातून जाईना. त्याला दात नाहीत. म्हणजे तो म्हातारा झाला. म्हणजे तो असाच एक दिवस मरणार, सुनेच्या हातचा मऊ भात खाऊन, चार माणसांच्या खांद्यावरून, आणि माझ्यामुळे त्याच्या केसालाही धक्का लागलेला नसणार. मग मी नऊ वर्षं केलं काय?

सरळच सांगते. हैबतराव माझा वैरी आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत हा शब्द असा वापरत नाहीत. वैरी म्हणजे सैतान, माणसाला वैरी म्हणायचं नाही; फार तर ‘ज्यांनी आपलं वाईट केलं ते’ म्हणायचं, तेही प्रार्थनेत, डोळे मिटून, घाईघाईने. मी तोंडावर त्याला हैबतराव म्हणते, अहोजाहो करते. मनात अरेतुरे. माझा नवरा गोपाळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. कमी बोलायचा, नाताळची गाणी बेसूर गायचा आणि दारूला इतका भ्यायचा की खोकल्याचं औषध घ्यायच्या आधी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचा. त्याचा बाप पिऊन पिऊन गेलेला. उपासनेतल्या प्रभुभोजनाला आमच्याकडे दारू नसते, साधा द्राक्षाचा रस असतो, तरी तो घोट घेताना गोपाळ ओठ आवळायचा आणि मी त्याला घरी येऊन चिडवायची. एकोणनव्वदच्या मार्चमध्ये दुपारच्या पाळीला एक टाकी साफ करायची होती. टाकीत माणूस उतरवायच्या आधी ती उघडी ठेवायची, पाण्याने धुवायची, आतली हवा तपासायची, मग कागदावर सही करायची. हे गोपाळनेच मला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी शिफ्टचा इन्चार्ज हैबतराव होता. माल भरायची घाई होती. “उतर रे, पाच मिन्टांचं काम,” एवढंच तो म्हणाला. हे मला जनूने सांगितलं. जनू वर दोर धरून उभा होता. गोपाळ उतरला, दोर एकदा हलला, मग हलला नाही.

कंपनीने चौकशी केली. हैबतरावने सहीनिशी लिहून दिलं की कामगार दारू प्यायलेला होता आणि कुणाला न विचारता टाकीत उतरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत गोपाळवर चादर घातलेली असताना, तो मलाही तेच म्हणाला. “वहिनी, वास येत होता त्याला.” वास! त्या टाकीतल्या मालाचाच तसला गोडसर, डोकं धरणारा वास. अकरा वर्षं मी त्याचे शर्ट बाहेरच्या दोरीवर वेगळे वाळत घातले होते आणि हा मला वास शिकवत होता. जनू खाली बघत उभा राहिला. मूग गिळून बसला म्हणा. त्यालाही नोकरी होती, पोरं होती. जनूचा मला कधी राग आला नाही, हे विचित्र आहे पण खरं आहे. सगळा राग मी एकाच घरी नेऊन ठेवला. मेलेल्या माणसाचं लोक बरंच बोलतात, मेल्या म्हशीला मणभर दूध. गोपाळच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. रोह्यात भाजीवालीपासून सगळ्यांना ठाऊक झालं की मास्तरीणबाईंचा नवरा पिऊन मेला. वरून एवढा धार्मिक, आणि बघा. मी बदली मागून पेणला आले. पण बोलणं माणसाच्या आधी बसमध्ये चढतं. किमया तेव्हा दहा वर्षांची. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच म्हणाली, “आई, पप्पा खरंच प्यायचे का गं?” मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. मी शिक्षिका आहे. पोरगं पटलं म्हणून मान हलवतंय की विषय संपवायचा म्हणून, ते मला मागच्या बाकावरचंही कळतं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. आता ती मिरजेला नर्सिंग शिकते, पत्रात सगळं लिहिते, मैत्रिणी, वॉर्ड, मेसची आमटी, आणि बापाविषयी नऊ वर्षांत एक ओळ नाही. मला दुसरं काही नको होतं. हैबतरावच्या तोंडून तिच्यापुढे चार शब्द हवे होते की तुझा बाप प्यायला नव्हता. आणि ते मिळणार नसतील तर तो जळावा, एवढंच.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून एकदा पनवेलहून येत. आमची दहा-बारा घरं, भाड्याच्या एका खोलीत उपासना. प्रभुभोजनाआधी ते दर वेळी सांगत की कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर त्याने आधी जाऊन ते मिटवावं, मग मेजापाशी यावं. गोपाळला पुरल्यानंतरच्या महिन्यात मी उठले नाही. पुढच्या महिन्यातही नाही. इतक्या थोड्या माणसांत एक बाई चटईवर बसून राहते हे भिंतींनाही दिसतं. मग पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला आणि वैऱ्यावर प्रीती करण्याविषयी बोलू लागले. मी म्हटलं, साहेब, मला नाही जमणार, उगाच श्रम घेऊ नका. ते भले गृहस्थ. कप खाली ठेवून म्हणाले, प्रीती राहू दे, एवढं तर कराल? तो भुकेला असेल तर त्याला खायला द्या. शास्त्रच सांगतं की असं केलं म्हणजे आपण त्याच्या डोक्यावर निखारे रचतो. त्यांनी पुढे समजावून सांगितलं की निखारे म्हणजे लाज, पश्चात्ताप, माणूस आतून वितळतो, वगैरे. ते मी ऐकलंच नाही. मी निखारे ऐकले. ते गेल्यावर मी किती तरी वेळ कप विसळायचेही विसरून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की देवाने माझ्यासारख्या बाईचाही विचार करून ठेवलेला आहे. हात उगारायला नको, शाप द्यायला नको, कोर्टाची पायरी नको. नुसतं खायला घालायचं. आणि खायला घालणं मला येत होतं.

त्या नाताळाला मी पहिल्यांदा अष्टमीला डबा धाडला. नाताळच्या फराळात करंज्या आमच्याकडे असतातच. शेजारणी विचारतात, तुमच्यात पण करतात? दिवाळीच्या त्यांच्या, नाताळच्या आमच्या, खोबरं एकाच बाजारातलं. त्या वर्षी घरात दुखवटा, गोडधोड करायचं मनात नव्हतं, तरी मी सारण भाजलं. एकेक पुरी लाटली, भरली, कातण्याने कडा कापली आणि कढईत सोडताना मनात म्हटलं, हा एक निखारा. हा दुसरा. एकवीस केल्या. इतकं मन लावून मी गोपाळसाठीही कधी केल्या नसतील. जनू रोह्याहून येऊन डबा घेऊन गेला. त्याच्या बायकोने ते चार घरी सांगितलं, ते पाळकसाहेबांच्या कानी गेलं आणि जानेवारीत त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगितलं की वचन वाचणारे पुष्कळ, पाळणारी ही एक. त्या रविवारी मी मेजापाशी गेले. भाकरीचा तुकडा घेतला, रसाचा घोट घेतला. शेजारच्या बाईने माझा हात दाबला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तसं कुणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त गप्प राहिले होते. तेव्हापासून मंडळीत कुठे भांडण झालं, भावाभावांचं बोलणं बंद पडलं, की माझं उदाहरण देतात. नव्या लग्न झालेल्या मुलींना माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना चहा देते आणि सांगते, क्षमा केली की हलकं वाटतं. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय?

दर वर्षी जनू डबा न्यायचा आणि परत आणायचा. मी सहज विचारल्यासारखं विचारायची, कसे आहेत? “बरे हायत. लय आवडल्या म्हनाले,” जनू सांगायचा. मी वाट बघत होते. निखारे म्हटल्यावर कुठे तरी चटका दिसायला हवा. एका वर्षी कळलं त्याने घरावर स्लॅब टाकला. एका वर्षी मुलाचं लग्न झालं. मग त्याची बायको वारली. ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं, कारण मला हसू येईल अशी भीती वाटली. हसू आलं नाही. रडूही आलं नाही. ती बाई माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती. उलट डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून दर वर्षी त्यात कडवे वाल भरून पाठवायची, निवडलेले, स्वच्छ, वर दोन सुक्या मिरच्या. पहिल्या वर्षीचे वाल मी शेजारी देऊन टाकले. दुसऱ्या वर्षी फडताळात ठेवले. तिसऱ्या वर्षी भिजवले, मोड आणले, सोलले आणि बिरडं केलं. किमयाने दोनदा वाढून घेतलं. मीही जेवले, आणि चव चांगली होती. भांडी घासताना मला एकदम भडभडून आलं, कारण गोपाळला वालाचं बिरडं फार आवडायचं आणि मी ते त्याला मारणाऱ्याच्या घरचं खाल्लं होतं. तरी पुढच्या डिसेंबरात पुन्हा सारण भाजलं. दोन वर्षांपूर्वी जनू म्हणाला, हैबतरावांचं डावं अंग गेलं. मी विचारलं, फार त्रास आहे का? “नाय बाई, देवाच्या दयेनं बरं चाललंय. सून लय करते.” मला वाटलं होतं आता आनंद होईल. झाला तो एवढासा, आणि तोही लगेच विझला, कारण अर्धांगवायू कुणालाही होतो. पाळकसाहेबांच्या आईलाही झाला होता.

तर डेपोतून मी शेवटी उठले आणि खसखस आणली. घरी येऊन पीठ घेतलं आणि हाताला सवय होती तसं मोहन तापवायला ठेवलं, आणि मग गॅस बंद केला. पीठ दुधात भिजवलं. दुधात भिजवलेल्या पिठाच्या करंज्या मऊ राहतात. लाटताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या तोंडाचा विचार करते आहे. हिरडीला टोचेल म्हणून कडा बोथट करते आहे, खोबरं जास्त बारीक करते आहे. घरातल्या म्हाताऱ्यासाठी करावं तसं. माझे हात थांबले. हे कुठलं वैर? मी कुणाला फसवत होते, त्याला, मंडळीला, की देवाला? देव तर फसत नाही म्हणतात. मग त्याने नऊ वर्षं हे कसं चालू दिलं? त्या दिवशी मी ठरवलं की यंदा डबा जनूबरोबर धाडायचा नाही. स्वतः जायचं. समोर बसून सांगायचं की तेवीस तारखेला माझी मुलगी येते आहे, तिच्यापुढे खरं काय ते बोला. एवढं खाल्लंय माझ्या हातचं, एवढं तर बोला. हे नऊ वर्षांपूर्वीच का केलं नाही, असं कुणी विचारेल. मागायला गेलं की समोरचा नाही म्हणू शकतो. निखाऱ्यांना कुणी नाही म्हणत नाही.

कोलाडवरून जाणारी एस.टी. मिळाली. डबा मांडीवर. नागोठणं गेलं, कोलाडला गाडी थांबली, लोक उतरून भजी खाऊन आले, मी उतरले नाही. काय बोलायचं ते मनात घोकत होते, धडा पाठ न झालेल्या मुलासारखी. कोलाड सोडलं की हळूहळू धाटावचा वास सुरू होतो. बसमधल्या बायकांनी पदर नाकाला लावले, एकाने खिडकी ओढून घेतली. मी उघडीच ठेवली. इतक्या वर्षांनी तो वास असा सरळ अंगावर आला आणि मला ओकारी यायच्या ऐवजी भूक लागल्यासारखं झालं. हा गोपाळच्या शर्टाचा वास होता, कॉलरीपाशी सगळ्यात जास्त. लग्न झालं तेव्हा मी कुरकुर करायची, नंतर त्याशिवाय झोप येत नसे. मी खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. शेजारचा माणूस म्हणाला, “बाई, काच लावा, डोकं दुखंल.” मी म्हटलं, सवय आहे. कंपनीचं फाटक गेलं. तिथे आता दुसऱ्याच नावाची पाटी होती, पहारेकरी ऊन खात बसला होता. ज्या कागदात गोपाळ प्यायलेला आहे तो कागद कुठे गेला असेल? वाळवीने खाल्ला असेल तरी त्यातला मजकूर रोह्यात हिंडतोच आहे. मला रडायला येत नव्हतं. मी फक्त धाटाव संपेपर्यंत श्वास घेत राहिले.

हैबतराव पडवीत खाटेवर बसला होता, पाठीला दोन उशा. मी त्याला ओळखलं नसतं. दवाखान्यातल्या व्हरांड्यातला तो उंच, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस माझ्याजवळ जपून ठेवलेला होता, आणि इथे अर्धा चेहरा ओघळलेला एक म्हातारा गुडघ्यावरची गोधडी उजव्या हाताने सारखी करत होता. “वहिनी!” तो म्हणाला, आणि त्याचा चांगला डोळा एकदम उजळला. “आलात! मी ऋतुजाला म्हनतच होतो, एक डाव तरी येतील. गो, खुर्ची आन त्यांना.” ऋतुजाने खुर्ची आणली, डबा घेतला, उघडून एक करंजी त्याच्या हातात दिली आणि चहा ठेवायला आत गेली. त्याने हिरड्यांनी तुकडा तोडला. सारण हनुवटीवर सांडलं. “मऊ हाय,” तो म्हणाला. “तुमी ध्यानात ठेवलंत.” मी घोकलेलं वाक्य तोंडावर आणत होते तेवढ्यात तोच म्हणाला, “वहिनी, एक सांगायचं व्हतं. बरं झालं आलात, आता माझा काय भरवसा? गोपाळ प्यायला नव्हता.”

इतकं सहज. बाहेर ऊन पडलंय म्हणावं तसं. मी खुर्चीचा हात धरला. “मला ठाव व्हतं,” तो पुढे म्हणाला, “मीच उतरवला त्याला. साहेब म्हनाले, असं लिही, नायतर तू जाशील. मी लिवलं. लिवलं आन झोप उडाली बघा. आठ-नऊ म्हयने डोळ्याला डोळा नाय. जेवन जाईना. डोकं नुसतं भाजायचं. शेवटाला बायकोला म्हटलं, मला नाय सोसवत, नाताळ झाला का मी पेनला जातो. वहिनींचे पाय धरतो, पोरीसमोर खरं सांगतो, कंपनीला पन दुसरा कागद लिवून देतो. नोकरी गेली तर गेली. ती पन व्हय म्हनाली. ठरलं व्हतं वहिनी, आईशप्पत. आन मंग जनू डबा घेऊन आला.” तो हसला. अर्ध्या तोंडाने हसला, पण मनापासून. “उघडला, तर करंज्या. मी रडलो ढसाढसा. बायको म्हनाली, बघा, बाईनं माफ केलं, द्येवमानूस हाय, आता उकरून काय करायचं? त्या दिसापासून जी झोप लागली ती लागली. मंग दर वर्साला डबा आला का मनात म्हनायचो, अजून माफ हाय.”

मला ते समजायला वेळ लागला. म्हणजे शब्द कळले होते, पण त्यांची बेरीज होत नव्हती. हा जळत होता. मी काही करायच्या आधीच जळत होता, आठ-नऊ महिने. आणखी चार दिवस मी चूल पेटवली नसती, हात बांधून घरात नुसती धुमसत बसले असते, तर जानेवारीत हा दाराशी आला असता. किमया तेव्हा दहा वर्षांची होती. दप्तर घेऊन दारात उभी असती आणि तिच्यापुढे याने सांगितलं असतं. मी नुसती वाईट बाई राहिले असते तरी चाललं असतं. पण मला शास्त्रातून सूड हवा होता, आणि मी एकवीस करंज्या तळून त्याला झोप धाडली. दर वर्षी आठवणीने धाडली. देवा, हा कसला खेळ? माझ्या कानात बसचं इंजिन चालू असल्यासारखा आवाज भरला. तो अजून माझ्याकडे मायेने बघत होता, आणि ती माया मला सहन होईना.

“हैबतराव,” मी म्हणाले, “मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“काय वहिनी,” तो हसत म्हणाला.

“कधीच नाही. एक दिवसही नाही. तो डबा तुमचं वाईट व्हावं म्हणून पाठवत होते. दर वर्षी. प्रत्येक करंजी तशीच केली.” माझा आवाज वर्गात असतो तसा होता, स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं. त्याचं चघळणं थांबलं. घास तोंडातच राहिला. त्याने हातातल्या करंजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काय घातलं व्हतं हेच्यात?”

“काही नाही. खोबरं, साखर, खसखस.”

“मंग वाईट कसं व्हनार?” त्याने खरंच विचारलं. तो विचार करत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्याची चांगली बाजूही हळूहळू दुसऱ्या बाजूसारखी व्हायला लागली. नऊ वर्षांची झोप त्याच्या अंगावरून कुणी ओढून काढत होतं आणि मी समोर बसून ते बघत होते. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. एकच क्षण, आणि मग काही नाही. तहानेने जीव जात असताना तांब्या तोंडाला लावावा आणि तो रिकामा निघावा तसं. “मंग आता माफ करा,” तो म्हणाला. त्याने उजवा हात पुढे केला, करंजी तशीच हातात. “आता करा वहिनी. कितीसं ऱ्हायलंय माझं? पोरीला आना, नायतर मला उचलून न्या तिकडं, तिच्या पायाशी बसून सांगतो, मी मारला तुझ्या बापाला, तो प्यायला नव्हता. कागदावर अंगठा पन देतो. फकस्त तुमी तेवढं म्हना. मला असा जाऊ द्येऊ नका.”

मी ज्यासाठी आले होते ते तो देत होता. त्याहून जास्त देत होता. मी तोंड उघडलं. दोन-तीन शब्दांचं वाक्य, पहिलीतल्या पोरांना फळ्यावर लिहून देतो त्याहून अवघड नाही. मंडळीतल्या मुलींना मी ते चहाबरोबर वाटत आले होते. पण आत काहीच हललं नाही. मी किमयाला डोळ्यांसमोर आणलं, गोपाळला आणलं, ज्याने हे सगळं सांगितलं आहे त्या प्रभूलाही आणलं, क्रुसावर, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा. त्याला जमलं. तो मला नेहमीप्रमाणे लांबच दिसला. माझ्यात फक्त तो म्हातारा होता आणि तो मला नको होता. मी उठले. ऋतुजा चहाचे कप घेऊन दारात आली होती, तिला म्हटलं, बस चुकेल.

पुलाच्या या टोकाला थांब्यावर उभी होते तर ती धावत आली, पायात चपला नाहीत. “बाई, काय बोललात तुमी त्यांना? घास थुंकून टाकला, रडायचे थांबत नायत. छाती धरून बसलेत.” मी तिला खरं ते सांगितलं, थोडक्यात. तिने तोंडावर हात ठेवला. रागावेल वाटलं, पण ती रागावली नाही, माझ्या दंडाला धरून हलवायला लागली. “मंग एकदा येऊन बोला ना. खोटं का असंना. कोन बघतंय? ते सांगतील तुमच्या किमयाला, मी स्वता आनते त्यांना पेनला गाडी करून, उद्याच आनते. दोन शब्द बोला फक्त.” मी बस येते का ते बघत राहिले. नदीवरून वारा येत होता. तिने माझा दंड सोडला आणि माझ्या तोंडाकडे बघत, अगदी साधेपणाने विचारलं, “तुमच्यात तर माफ करतात ना बाई?”

बस आली. मी चढले, मागची जागा मिळाली. ऋतुजा खाली उभी होती, अजून वाट बघत, मी उतरेन म्हणून. मी उतरले नाही. आता किमयाने कधी विचारलंच तर तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, तुझे पप्पा प्यायचे नाहीत. आणि दुसरी, हे तुझ्या पायाशी बसून सांगायला एक माणूस तयार होता, आणि तुझ्या आईने त्याला सांगू दिलं नाही.